वाघ कुणी पाहिला? गोष्टीसारखा लिहिलेला इतिहास कसा वाचावा

मागच्या दिवाळीच्या सुटीत भाचीला अजिंठ्याला घेऊन गेलो होतो. जळगावहून एसटी, फर्दापूरला उतरून लेण्यांपर्यंत जाणारी दुसरी बस, मग पायऱ्या. १० नंबरच्या लेण्यात गाइडने नेहमीची गोष्ट सांगितली. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला. समोरच्या कड्यावर उभा असताना वाघ दरीत उतरला, साहेबाने तिकडे नजर लावली आणि झाडीतून त्याला कोरलेली कमान दिसली. लोकांनी माना डोलावल्या, गर्दी पुढे सरकली. नववीत शिकणारी भाची मात्र तिथेच थांबली. म्हणाली, "मामा, वाघ होता हे कुणी लिहून ठेवलंय?"

मी तिला त्या लेण्यातला साहेबाचा लेख दाखवला. रंगवलेल्या चित्रावरच त्याने आपलं नाव, घोडदळाची २८ वी पलटण आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडून ठेवली आहे. आज तो लेख आपल्या डोक्याच्याही वर येतो, कारण तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. नाव आहे, पलटण आहे, तारीख आहे. वाघ नाही.

तिचा प्रश्न फक्त अजिंठ्यापुरता नाही. पुस्तक प्रदर्शनात हल्ली मोहिमांची, प्रवासांची, युद्धांची जाडजूड पुस्तकं दिसतात. ती कादंबरीसारखी वाचली जातात आणि पाठीवर 'सत्य घटना' असं छापलेलं असतं. एखादा ऐतिहासिक चित्रपट आला की चहाच्या टपरीपासून कुटुंबाच्या ग्रुपपर्यंत भांडणं होतात: हे खरंच घडलं होतं का? दोनशे वर्षांपूर्वीच्या सकाळी धुकं होतं, सेनापतीचे हात थरथरत होते, हे लिहिणाऱ्याला कळतं कसं? हे समजून घेण्यासारखं आहे, आणि फार अवघडही नाही.

गोधडीचा नियम

आपल्यापैकी बहुतेकांना इतिहासाची गोडी ऐतिहासिक कादंबरीने लावली. कादंबरीकाराला मोकळीक असते. मध्यरात्री बंद दाराआड दोन माणसं काय बोलली हे तो रचू शकतो, आणि आपणही ते तसंच वाचतो. दुसऱ्या टोकाला पाठ्यपुस्तक: सनावळ्या, तह, तहाची कलमं. या दोहोंच्या मधे आणखी एक प्रकार आहे. इंग्रजीत त्याला नॅरेटिव्ह नॉनफिक्शन म्हणतात, मी इथे सत्यकथन म्हणतो. सांगायचं गोष्टीसारखं, पण पदरचं काही घालायचं नाही. माणसं खरी, दिवस खरे, आणि अवतरणचिन्हांत येणारा प्रत्येक शब्द कुणीतरी खरोखर बोललेला किंवा लिहिलेला.

माझी आजी गोधडी शिवायची. चिंध्या सगळ्या घरातल्या: आजोबांचं धोतर, आत्याचं परकर-पोलकं, विटलेलं लुगडं. कुठला तुकडा मधोमध घ्यायचा, कुठला काठाला, टाका किती बारीक घालायचा, हे सगळं तिच्या मर्जीचं. पण गोधडी शोभावी म्हणून तिने बाजारातून नवं कापड कधी आणलं नाही. सत्यकथन लिहिणाऱ्याचं तसंच असतं. गोष्ट कुठून सुरू करायची, कुणाला आधी आणायचं, कुठे वाचकाला ताटकळत ठेवायचं, हे त्याच्या हातात. तुकडे मात्र जे सापडले तेच. इतिहासाचे अभ्यासक या तुकड्यांना 'साधनं' म्हणतात: त्या काळातली पत्रं, रोजनिशा, हिशेबाच्या वह्या, नकाशे, शिलालेख आणि डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने सांगितलेली हकिकत.

शोधमोहिमांच्या पुस्तकांत हे फार स्वच्छ दिसतं. दक्षिण ध्रुवाकडे निघालेलं ब्रिटिश शोधक शॅकलटन याचं 'एंड्युरन्स' हे जहाज १९१५ च्या जानेवारीत बर्फात अडकलं आणि २१ नोव्हेंबरला बुडालं. जहाजावरचे २८ जण मात्र सगळे वाचले. चाळीसेक वर्षांनी आल्फ्रेड लान्सिंग या अमेरिकन लेखकाने हयात असलेल्या खलाशांच्या मुलाखती घेतल्या, त्यांच्या रोजनिशा वाचल्या आणि १९५९ साली पुस्तक काढलं. वाचताना अंगावर काटा येतो. कुणाला कशाची भूक लागली होती, कोण कुणावर चिडला होता हे सगळं त्यात आहे, कारण बर्फावर बसून माणसं रोज लिहीत होती. कप्तान वर्स्ली याने जहाज बुडालं ती जागा सूर्य-ताऱ्यांवरून मोजून टिपून ठेवली होती. मार्च २०२२ मध्ये जहाज समुद्राच्या तळाशी, सुमारे ३,००० मीटर खोल सापडलं, ते त्या टिपणापासून चारेक मैलांवर. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो. जहाज गेलं तरी त्या माणसाने नोंद नीट केली होती.

भाताचा वास कागदावर

"पण वास, चव, रंग हे तर लेखकाच्या मनाचंच ना?" नेहमी नाही.

१७ व्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे गेला. ही वाट आपल्या खानदेशातून जायची. वाटेत नवापूर लागलं. तिथे विणकर पुष्कळ आहेत असं तो लिहितो, आणि मग तिथल्या तांदळाबद्दल लिहितो: दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्म्याने लहान, शिजला की बर्फासारखा पांढरा, आणि कस्तुरीसारखा वास. त्या काळच्या नवापूरवर लिहिताना 'भाताचा सुवास दरवळत होता' असं वाक्य कुणी लिहिलं, तर ते सजावट नाही, त्याला आधार आहे. त्या आधी, १६१५ मध्ये, इंग्लंडचा राजदूत टॉमस रो बुऱ्हाणपुरात आला होता. तोही रोजनिशी ठेवायचा. परक्या माणसाला सगळंच नवं दिसतं, म्हणून तो आपल्या रोजच्या गोष्टी लिहून ठेवतो. आपल्या माणसाला भाताचा वास लिहावासा वाटत नाही, तो रोज ताटात असतो.

मला विचाराल तर प्रवाशांच्या वह्यांचं खरं मोल इथे आहे. मोठ्या घटना कुठे ना कुठे सापडतात. रोजचं जगणं सापडत नाही.

२८ एप्रिलला आणखी काय होतं?

पुन्हा अजिंठ्याकडे येऊ. लेखकाकडे फक्त नाव आणि तारीख आहे. तेवढ्यावर प्रसंग कसा उभा राहील?

तारीख ही फार बोलकी वस्तू आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी वार कोणता, हे गणिताने निघतं: बुधवार. चंद्राची गतीही मागे मोजत नेता येते. अमावास्या २४ एप्रिलच्या सुमारास झाली होती. म्हणजे वैशाख लागून तीन-चार दिवस झालेले, तिथी तीज-चौथीच्या आसपास. खानदेशातल्या वाचकाच्या हे लगेच ध्यानात येईल: ते आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते! गौराईची गाणी, झाडांना बांधलेले झोके, सासरहून आलेल्या लेकी. मी हे पहिल्यांदा वहीवर मोजलं तेव्हा ताळा तीनदा करून पाहिला. साहेबाची ही तारीख आपण इतकी वर्षं ऐकतो, पण ती आपल्या पंचांगात कुठे पडते हे पाहिलंच नव्हतं.

आता या माहितीचं काय करायचं, यात लेखकाची परीक्षा आहे. 'तो आठवडा आखाजीचा होता' असं तो लिहू शकतो, ते गणिताने सिद्ध आहे. 'संध्याकाळी आभाळ स्वच्छ असेल तर पश्चिमेला चंद्राची कोर दिसली असणार', हेही चालेल, कारण 'असेल तर' म्हणून त्याने वाचकाला सावध केलं आहे. लेण्यांखालच्या वाघोरा नदीचं पाणी आटत आलेलं असावं, हा उन्हाळ्यावरून काढलेला साधा अंदाज. खानदेश जेमतेम वर्षभरापूर्वी, १८१८ मध्ये, कंपनीच्या ताब्यात आला होता आणि अजिंठा निजामाच्या मुलखात होतं, या नोंदलेल्या गोष्टी.

पण 'दरीत उतरताना साहेबाच्या कानावर आखाजीची गाणी पडली' हे वाक्य लिहिता येत नाही. कितीही सुंदर असलं तरी. त्याच्या कानावर काय पडलं हे त्यानेच सांगायला हवं होतं, आणि भिंतीवर त्याने नाव-तारखेपलीकडे काही सांगितलं नाही. वाघाचंही असंच आहे. त्या डोंगरांत तेव्हा वाघ होते आणि साहेब लोक शिकारीला जात, हे मान्य. एवढ्यावरून 'असं म्हणतात' इथपर्यंत येता येतं, त्यापुढे नाही.

'शोध लावला' हा शब्दही जपून वापरावा लागतो. डोंगरात गुरं चारणाऱ्यांना, वाट दाखवणाऱ्यांना ती लेणी ठाऊक होतीच. स्मिथनंतर ती बाहेरच्या जगाला, पुस्तकांना आणि चित्रकारांना माहीत झाली. तेवढंच लिहावं.

थाळनेर: एक दरवाजा, दोन हकिकती

साधन सापडलं म्हणजे काम संपलं असं नाही. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. महिदपूरच्या लढाईनंतर मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी खानदेशातला मुलूख कंपनीला दिला. तो ताब्यात घ्यायला जनरल हिस्लॉप फौज घेऊन आला. २७ फेब्रुवारी १८१८ ला थाळनेरच्या किल्लेदाराने आधी प्रतिकार केला. पुढे बोलणी सुरू झाली, काही इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांसह दरवाजातून आत गेले. तिथे झटापट झाली आणि दोन अधिकारी मारले गेले. मग फौज आत घुसली. किल्ल्यातल्या सुमारे तीनशे शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम याला त्याच दिवशी फाशी दिलं गेलं.

त्या दरवाजात नेमकं काय झालं? हिस्लॉपच्या म्हणण्याप्रमाणे तो दगा होता. दुसरं म्हणणं असं की आतले अरब शिपाई आणि बाहेरून आलेले इंग्रज यांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, आणि गैरसमजातून हत्यारं निघाली. किल्लेदाराला फाशी देणं योग्य होतं का, यावर पुढे ब्रिटिश संसदेतही बोललं गेलं.

कादंबरी असती तर लेखकाने एक बाजू निवडून प्रसंग रंगवला असता. सत्यकथनात दोन्ही हकिकती समोर ठेवाव्या लागतात. कोण कुठे उभा होता, कुणाला खोटं बोलण्यात फायदा होता, कुणी लगेच लिहिलं आणि कुणी उशिरा, हे वाचकाला दाखवावं लागतं. गावात दोन भावांचा बांधावरून वाद झाला की पंच दोघांचं ऐकतात आणि बांध स्वतः पाहून येतात, तसंच. यात गोष्ट थोडी अडखळते. माझ्या मते अडखळू द्यावी, कारण ती अडखळते त्या जागी वाचक स्वतः विचार करू लागतो.

"थोडी कल्पना केली तर बिघडलं काय?"

हा आक्षेप मला मनापासून समजतो. एक उदाहरण देतो, तेही आपल्याकडचंच.

मेजर रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला कंपनीने १८४४ मध्ये त्याला पाठवलं आणि तो इथलाच होऊन गेला. अनेक वर्षं खपून केलेली त्याची बहुतेक चित्रं १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. तरी तो इथेच काम करत राहिला. १८७९ मध्ये तो गेला, त्याची कबर भुसावळला आहे. आणि अजिंठा गावात पारो नावाच्या बाईची कबर आहे. २३ मे १८५६ ही तिची मृत्यूची तारीख आणि 'माझी प्रिय पारो' अशा अर्थाचे गिलचे शब्द तिथे आहेत.

या दोघांवर मराठीत कविता झाली, चित्रपट झाला. कवीला आणि चित्रपटकाराला तो हक्क आहे. पण त्यातले संवाद हळूहळू 'इतिहास' म्हणून सांगितले जाऊ लागतात, आणि तिथे मोठं नुकसान होतं. पारो काय बोलायची, तिला तो गोरा माणूस कसा वाटायचा, गावाने तिला कसं वागवलं, यातलं काहीही तिने स्वतः लिहिलेलं आपल्याजवळ नाही. आपण तिच्या तोंडी प्रेमाचे संवाद घातले की तिचं गप्प असणं झाकलं जातं. एका गावातली बाई, तिचं सगळं आयुष्य, आणि उरलं काय तर दुसऱ्याने तिच्यासाठी कोरलेली एक ओळ. मला ही गोष्ट कुठल्याही रचलेल्या संवादापेक्षा जास्त हलवते. लेखकाने ती रिकामी जागा रिकामीच दाखवली, तर वाचकाला तिचं वजन कळेल.

दुसरं कारण व्यवहाराचं. एक वाक्य रचलेलं सापडलं की वाचकाचा बाकीच्या शंभर खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. दुधात पाणी किती घातलं हे गिऱ्हाईक मोजत बसत नाही, ते गवळी बदलतं.

"पण कागद तर साहेबांचेच!"

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, आणि खानदेशाला तो जास्तच लागू पडतो.

खाज्या नाईक हा भिल्ल नायक एके काळी सेंधव्याच्या घाटाची राखण करायचा. १८५७ मध्ये तो कंपनीविरुद्ध उठला, सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली. भिल्ल लढताना पडले, पकडलेल्यांना गोळ्या घातल्या गेल्या, बायकाही कैद झाल्या. १८६० मध्ये खाज्या नाईक दग्याने मारला गेला. हे सगळं आपल्याला प्रामुख्याने कळतं ते त्याच्यावर चालून गेलेल्या अधिकाऱ्यांच्या कागदांतून. त्यात तो बंडखोर आहे, लुटारू आहे. त्याच्या बाजूने लिहिणारा तिथे कुणी नव्हता.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. उताऱ्यावर नाव एकाचं असतं आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा दुसराच असतो. उतारा खोटा नसतो, अपुरा असतो. सरकारी अहवालही असाच वाचायचा. एखादा अधिकारी वैतागून लिहितो की गावकरी बातमी देत नाहीत. त्याच्या लेखी ती तक्रार, पण वाचणाऱ्याला त्यातून कळतं की गावं कुणाच्या बाजूने होती. वाण्याने धान्य दिलं म्हणून त्याला दंड झाला, अशी नोंद मिळाली तर डोंगरात रसद कशी पोहोचत होती हे कळतं. लिहिणाऱ्याने जे सांगायचं ठरवलं नव्हतं, तेही त्याच्या कागदातून निघतं.

शिवाय भिल्ल-पावरा वस्त्यांतली गाणी आणि पिढीजात सांगितलेल्या गोष्टी आहेत. काही जण त्या पुरावा म्हणून पूर्ण नाकारतात, काही जण अक्षरशः खऱ्या मानतात. मला दोन्ही पटत नाही. गाण्यातली तारीख चुकू शकते, माणसांची अदलाबदल होऊ शकते, पण लोकांना काय विसरायचं नव्हतं हे गाण्याइतकं कुणी सांगत नाही. लेखकाने 'गाण्यात असं आहे' असं स्पष्ट म्हणून ते द्यावं.

पुस्तक हातात आल्यावर

ओळखायची खूण सोपी आहे. पुस्तक मागून उघडा. शेवटी टिपा आहेत का, कुठला प्रसंग कुठल्या रोजनिशीतून घेतला ते सांगितलं आहे का, पाहा. मग मधला एखादा रंगलेला प्रसंग घ्या आणि भाचीचा प्रश्न विचारा: हे कुणाला कळलं, आणि कसं? खोलीत एकटा असलेला माणूस 'मनात म्हणाला' असं आलं, तर त्याने ते नंतर पत्रात किंवा रोजनिशीत लिहिलेलं असायला हवं. 'असावा', 'बहुधा', 'असं दिसतं' हे शब्द दिसले तर लेखकावर चिडू नका. आपल्याला ठाऊक असलेलं कुठे संपतं, ते तो तिथे प्रामाणिकपणे सांगतो आहे.

हे कुणी बाहेरून आणलेलं शास्त्रही नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा करत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला, पुढे ही माला २२ खंडांपर्यंत गेली. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. आधी कागद, मग कथा, हा त्यांचा आग्रह होता. त्यांची काही मतं आज टिकत नाहीत, पण त्यांनी वाचवलेले कागद टिकले आणि नंतरच्या लेखकांना कथा सांगता आल्या.

अजिंठ्याहून परतल्यावर मीही घरातली पत्र्याची पेटी उघडली. तळाशी मोडीतला एक कागद होता. वडील म्हणायचे की तो कसला तरी करार आहे. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतला. बियाण्यासाठी घेतलेल्या कर्जाचा दस्त निघाला. आमच्याकडे सांगत आले होते की शेती पणजोबांनी सांभाळली. दस्तावर त्यांच्या नांगराच्या निशाणीशेजारी बांगडीचीही निशाणी आहे. लिहिता न येणाऱ्या बायांच्या सहीच्या जागी बांगडीचं चित्र काढत. कर्ज दोघांच्या नावावर होतं. बांगडीखाली कारकुनाने पणजीचं नाव लिहिलं आहे. ते नाव आमच्या घरात तोवर कुणालाच माहीत नव्हतं.